अजबखान्यातली आसरामाय

वाशीम गाव संपून रिसोडच्या वाटेला लागलं की उजव्या हाताला आमचा मळा होता. गावातले लोक आम्हाला खेड्यातले समजायचे आणि खेड्यातले पाहुणे आम्हाला शहरातले समजायचे. आम्ही दोन्हीकडून परके. वांगी मात्र दोन्हीकडच्यांना आमचीच लागायची. पहाटे माझे डोळे उघडायचे ते मोटेच्या चाकाच्या करकरीनं. बाबा बैलांना मागं सारताना लांब हेल काढून काहीतरी गुणगुणायचे, मोट वर आली की पाणी थारोळ्यात धबकन पडायचं, आणि मग पाटातून ते वांग्यांकडे, मेथीकडे, कांद्याच्या वाफ्यांकडे निघायचं. थोड्या वेळानं कापसाच्या जिनाचा भोंगा व्हायचा. तोवर मायच्या पहिल्या भाकरी तव्यावरून उतरलेल्या असायच्या. माघ-फाल्गुनात आमच्याकडे खाण्यापिण्याची चंगळ असे. शेकलेल्या वांग्याचं भरीत, त्यात पातीचा कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि दुपारी शेतातच काटक्या पेटवून भाजलेला हरभऱ्याचा हुळा. हात-तोंड काळं करून आम्ही तो खायचो. आता माझे नातू मला बरणीतले खारे चणे आणून देतात आणि मी ते गुपचूप खाते. पण चण्याला धुराचा वास नसेल तर तो चणा कसला, हे मी त्यांना सांगत बसत नाही.

घरात माणसं चारच. बाबा, माय, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लुगडं नेसायला शिकली त्याच वर्षी तिचं कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परत आली. ती बोलायला लागली की समोरच्यानं गप्प बसावं, एवढी तिच्या जिभेला धार होती. मायचं नेमकं उलट. माय हातानं बोलायची. रोप लावताना मातीवर दोन बोटं दाबायची, भाकरी थापताना परातीला फिरकी द्यायची, माझे केस विंचरताना मध्येच थांबून डोक्यावर नुसता तळवा ठेवायची. तिचा तो तळवा खरबरीत होता. तो आठवला की आजही मला डोक्यावर पदर घ्यावासा वाटतो.

विहिरीच्या काठावर उंबर होता आणि उंबराखाली आसरामाय. पाण्याच्या देवता, विहिरी-डोहात राहणाऱ्या, पोराबाळांना सांभाळणाऱ्या आणि रुसल्या तर ओढून नेणाऱ्या. त्यांना आमच्याकडे आसरा म्हणतात. आमची आसरामाय म्हणजे माझ्या कमरेएवढा एक लाल उंचवटा होता. आजोबांच्या आधीपासून तिला दर शुक्रवारी तेलात कालवलेला शेंदूर लागत आलेला. पुटावर पूट चढून तिला ना हात राहिले होते ना पाय. वरच्या बाजूला दोन कवड्या चिकटवलेल्या, ते तिचे डोळे. डाव्या अंगाला एक कंगोरा तेवढा बाहेर आलेला होता, तिथं माय पणती ठेवायची. मळ्यातलं पहिलं वांगं, पहिली मिरची, पहिली मेथीची जुडी तिच्यापुढं आणि मग बाजारात. एवढ्या कडक शिस्तीत आमच्या घरात दुसरं काहीच चालत नव्हतं.

माझ्या पाठीवर मायला दोन मुलगे झाले. पहिला पाचवी पुजायच्या आधीच गेला. दुसरा किसन. तो चालायला लागला होता, वाफ्यातून धावायचा, बाबा ओरडायचे आणि पाटातला चिखल फेकून तो त्यांनाच माखायचा. एका पावसाळ्यात तापानं दोन दिवसांत तो गेला. आत्या सरळ म्हणाली, "आसरेनं नेलं." तिला दुष्टपणानं म्हणायचं नव्हतं, तिच्या लेखी ते कारण होतं आणि कारण असलं की तिला बरं वाटायचं. पण गावातल्या बायकांनीही आपलं कारण शोधलं, आणि ते कारण माय निघाली. तिच्या हाताला गुण नाही, असं ठरलं. बारशाचं आवतण आमच्या दारावरून पुढं जाऊ लागलं. नव्या नवरीची, गर्भारशीची ओटी भरायला बोलावणं आलं तर ते आलं नाही असं समजावं, अशा आवाजात यायचं. एकदा बाजारातल्या भागाबाईच्या सुनेच्या डोहाळजेवणाला माय न बोलावता गेली. जन्मभर शेजारी बसून भाजी विकलेली भागाबाई. माय खण घेऊन पुढं झाली तशी तिनं सुनेला उठवून आत नेलं. "तिले चक्कर येऊन राह्यली," म्हणाली. माय खण घेऊन परत आली आणि तोच खण तिनं आसरामायपुढं ठेवला.

तेव्हापासून माय दर शुक्रवारी आसरामायची ओटी भरायची. साधी पूजा नव्हे, अगदी बाईमाणसाची ओटी. हळद-कुंकू, गहू, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, वर्षातून एकदा बांगड्या. भरून झालं की ती तिथंच बसायची. आधी थोडा वेळ, मग दुपार होईपर्यंत. वांगी तोडायची राहायची, मग बाबा स्वतःच तोडायचे. जिनं तिचं लेकरू नेलं असं घरात बोललं जात होतं तिचीच ओटी ती का भरत होती, हे मला त्या वयात कळत नव्हतं. आज वाटतं, जगात एकच बाई अशी उरली होती की जी मायच्या हातून ओटी घ्यायला उठून आत जात नव्हती.

गावात एक वकीलसाहेब होते. मोठा माणूस. त्यांनी वकिली सोडून एक नाद धरला होता. गावोगावचे जुने दगड, लाकडी कोरीव खांब, समया, तलवारी, तैलचित्रं असं सगळं ते गोळा करायचे. बंगल्याच्या आवारात त्यांनी त्यासाठी टिनाचं लांबलचक दालन बांधलं होतं. ते त्याला संग्रहालय म्हणायचे, बाकी सगळं वाशीम अजबखाना. एरवी ते बंद असे. शिवरात्र झाली, आंब्याला मोहर आला, की होळीच्या आधी आठवडाभर ते सगळ्यांसाठी उघडायचे. एका संध्याकाळी जादूच्या कंदिलानं पडद्यावर लेण्यांची चित्रं दाखवायचे, एक दिवस शाळेतले चित्रकलेचे मास्तर लोकांसमोर बसून कुणाचं तरी हुबेहूब तोंड काढायचे, एक दिवस साहेब स्वतः दगडांवर भाषण करायचे आणि तेव्हा निम्मे लोक झोपायचे. आणि शुक्रवारची दुपार बायकांची. त्या दुपारी आत पुरुष नाही. वकिलीणबाई दाराशी हळदी-कुंकू करायच्या आणि भिजवलेले हरभरे वाटायच्या.

त्या वर्षी माय तिच्या माहेरी, रिठदला गेली होती. तिच्या वडिलांना बरं नव्हतं. तेवढ्यात वकीलसाहेब मळ्यावर आले. भाजीसाठी नव्हे, कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की उंबराखालचा दगड साधा नाही. त्यांनी जोडे काढले, वाकून तो कंगोरा पाहिला, नखानं जरा खरवडला, आणि त्यांचा चेहरा मेवा दिसलेल्या लहान मुलासारखा झाला. बाबांशी ते फार नीट बोलले. आत जुनी मूर्ती आहे, पुटं चढून ती गुदमरली आहे, ती सांभाळून ठेवू, तुमचं नाव पाटीवर लिहू. आत्यानं मळा डोक्यावर घेतला. बाबा बराच वेळ मोटेच्या दोराशी चाळा करत उभे राहिले आणि मग म्हणाले, "घेऊन जा, साहेब."

बाबांना मोठ्या माणसापुढं नाही म्हणता आलं नाही असं मी पुष्कळ वर्षं समजत होते आणि त्यांच्यावर मनातून राग धरून होते. त्यांचं कारण त्यांनी मला सांगितलं ते माझी पहिली मुलगी मांडीवर घेऊन बसले असताना. "तुई माय त्या दगडापाशी बसू बसू वाळून चालली होती," ते म्हणाले. "मले वाटलं, दगड गेला त ते उठन." ते एवढंच बोलले आणि मुलीचं झबलं नीट करत बसले. माझा राग त्या दिवशी गेला, पण तोवर त्यांचं वय झालं होतं.

माय परत आली ती उंबराखालची रिकामी जागा बघत उभी राहिली. तिथं एक ओलसर फिक्कट गोल तेवढा उरला होता आणि त्यात मुंग्या हिंडत होत्या. मला वाटलं ती रडेल, भांडेल. आत्या तर भांडणाच्या तयारीनंच मायच्या बाजूला येऊन उभी राहिली होती. माय म्हणाली, "कोनी नेली?" आत्यानं सांगितलं. मायनं बाबांकडे पाहिलं, गाठोडं घरात ठेवलं आणि भाकरी करायला बसली. त्यानंतर तिनं घरात कामाचं सगळं बोलणं केलं, बैलांचं, बियाणाचं, बाजाराचं. बाकी एक शब्द नाही. रोज सकाळी ती तो रिकामा गोल मात्र पाण्यानं धुवायची. बाबांनी ते पाहू नये म्हणून मी मुद्दाम त्यांना हाका मारायची, आणि ते पाहायचेच. रात्री मायला झोप नव्हती. ती उठून बसलेली असायची आणि तिच्या बांगड्यांचा आवाज व्हायचा.

मग फाल्गुनात दवंडी झाली. आमच्याकडचा दवंडीवाला सांगितलेलं कमी आणि मनचं जास्त सांगायचा. भाजीबाजारात त्यानं डफ वाजवून सांगितलं की अजबखाना उघडला हाय, शुक्रवारी बायांचा वार हाय, पोरंसोरं सांभाळून आना, कोन्या वस्तूले हात लावाचा नाई, थुंकाचं नाई, नारळ फोडाचा नाई, आन् औंदा मळ्यातली आसरामाय पाह्यले भेटन. माय मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली आणि आत्याला म्हणाली, "बाई, शुक्रवारी मी जातो." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, जातो, करतो, पुण्याकडची माणसं त्याला हसतात, हसू देत.

शुक्रवारी सकाळपासून मायची तयारी चालली होती. न्हाणं झालं. ठेवणीतलं हिरवं लुगडं निघालं. ओटीचं सगळं सामान तिनं एका फडक्यात बांधलं, आणि एका वाटीत तेल घालून शेंदूर कालवला, अगदी लोण्यासारखा, वर पान झाकलं. आत्या चुलीशी बसून बघत होती. मायचं नाव जना, आणि त्या नावानं तिला हाक मारणारी घरात आत्याच.

"जने, तथी पूजा नाई करू देत म्हन्ते. हात बी लावू देत नाई."

"पाहू."

"पाहू काय? चारचौघीत हाकलून देतीन तुले. पहिलेच काय कमी बोलतेत बाया?"

"बोलू द्या, बाई. तिच्या अंगाले किती शुक्रवारचं तेल नाई. ते काय म्हनत असन?"

आत्या चुलीपासून उठली. तिनं वहाणा शोधल्या आणि आमच्याबरोबर निघाली. हळदी-कुंकवाच्या ठिकाणी विधवेनं जाऊ नये, हे ती कधी विसरायची नाही. म्हणून दाराशी पोचल्यावर ती भिंतीकडेनं आत सरकली, वकिलीणबाईंकडे न बघता. वकिलीणबाईंनी मायला कुंकू लावलं, माझ्या ओंजळीत हरभरे घातले, आणि वळून आत्याच्याही हातावर हरभरे ठेवले. आत्यानं ते घरी येईपर्यंत खाल्ले नाहीत.

आत बायकांची ही गर्दी. कापसाच्या गाडीसारख्या नटलेल्या सावकारणी, बाजारातल्या आमच्यासारख्या, मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या आरसे लावलेल्या घागऱ्यांच्या दोघीतिघी, आणि त्यांच्या कडेवरची रडणारी पोरं. पहिल्या भिंतीवर वकीलसाहेबांच्या वडिलांचं माणसाएवढं तैलचित्र होतं, पगडी घातलेलं, डोळे वटारलेलं. त्याच्यासमोर आली की प्रत्येक बाई डोक्यावरचा पदर पुढं ओढायची, मान खाली घालायची आणि भिंतीकडे पाठ न करता पुढं सरकायची. म्हाताऱ्या माणसासमोरून जाताना जसं जावं तसं. चित्र बघायला आलेल्या एवढ्या बायांमधून त्या चित्राकडे नीट कुणीच पाहिलं नाही. मायनंही पदर ओढला. मला हसू आलं तेव्हा आत्यानं चिमटा काढला, आणि मग तिनंही पदर ओढला.

दगड सगळ्यात शेवटी, मागच्या भिंतीशी, लाकडी चौथऱ्यांवर मांडलेले होते. माय भरभर चालू लागली. ती लाल रंग शोधत होती. एक नाग, एक गणपती, एक नुसता पायाचा तुकडा, एक काळी बाई, एक घोडा. ती टोकापर्यंत गेली आणि परत फिरली. कुठंच लाल काही नव्हतं. तिचा चेहरा उतरला. "नाई वं," ती आत्याला म्हणाली, "इथी नाई आनली. कुठी टाकली यायनं तिले?" पुन्हा ती एकेका चौथऱ्यापुढून जाऊ लागली. काळ्या बाईपाशी आली. त्या मूर्तीच्या डाव्या कोपराचा तुकडा उडालेला होता आणि तिथं एक सपाट जागा झाली होती. मायचा हात आपसूक तिकडं गेला. पणती ठेवायची ती जागा तिच्या बोटांना पाठ होती.

"हात लावू नका! बाई, हात काढा!" देखरेखीला बसवलेली बंगल्यातली बाई ओरडली. बायका वळून पाहू लागल्या. मायनं हात काढला नाही.

"माही हाय," ती म्हणाली. मग तिनं वर पाहिलं.

मी ती मूर्ती आजही डोळ्यांपुढं आणू शकते. काळाभोर, तुकतुकीत दगड. शेंदराची पुटं त्यांनी कोमट तेल मुरवून बांबूच्या कामटीनं उतरवली होती, असं नंतर कळलं. आत एक उभी बाई होती. तिचा चेहरा जरा झुकलेला, ओठ मिटलेले. आणि उजव्या कडेवर, एवढी वर्षं आम्ही ज्याला आसरामायचं पोट समजत होतो तिथं, एक मूल बसलेलं होतं. त्याचं नाक-तोंड झिजून गेलेलं, पण मूठ शाबूत होती. त्या मुठीत त्यानं आईच्या गळ्यातली माळ घट्ट धरली होती, मूल ओढून धरतं तशी.

माय बघतच राहिली. मग ती चौथऱ्यापाशी खाली बसली. आत्यानं तिला धरलं. किसन गेला तेव्हा माय रडली होती की नाही मला आठवत नाही. त्या दिवशी ती रडली. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. भोवती बायका जमल्या. कुजबुज सुरू झाली. भागाबाईही होती, तिच्या सुनेचं बाळ कडेवर घेऊन. वकिलीणबाई दारातून धावत आल्या. "काय झालं? कोण आहात तुम्ही?"

उत्तर आत्यानं दिलं. "मळ्यातल्या हाओत आमी. हे जना, माही भावजय. हे आसरा इच्या घरची. दर शुक्रवारी ओटी भरे तिची. इले न इचारता आनली तुमी."

वकिलीणबाई मूर्तीकडे पाहत राहिल्या, मग मायकडे. त्यांनी देखरेखीच्या बाईला हातानं मागं सारलं. "मग आज शुक्रवारच आहे की," त्या म्हणाल्या. "भरा तुमची ओटी."

माय उठली. तोंड पुसलं. तिनं मूर्तीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, मग थांबली आणि कुंकवाचं बोट त्या लेकराच्या झिजलेल्या कपाळालाही लावलं. खण मूर्तीच्या पायाशी ठेवला, त्यावर गहू, हळकुंड, सुपारी, खोबरं. शेंदराच्या वाटीवरचं पान तिनं उचललं, आत पाहिलं, आणि पान परत झाकलं. ती बाजूला झाली तशी मागं उभी असलेली एक बाई पुढं आली. तिच्याजवळ ओटीचं काही नव्हतं. दारात मिळालेले हरभरे तिनं दोन्ही हातांनी मूर्तीपुढं ठेवले. मग दुसरी आली. मग रांगच लागली. सावकारणी, तांड्यावरच्या, बाजारातल्या. बघता बघता चौथरा हरभऱ्यांनी भरला, कुंकू मूर्तीच्या गालावरून ओघळलं. भागाबाई आली, हरभरे ठेवले, आणि नातवाला मायपुढं वाकवलं. मायनं त्या पोराच्या डोक्यावर तळवा ठेवला. ते कुरकुरलं, मायच्या हाताचा खरबरीतपणा त्याला नवा होता.

ही बातमी बाहेर वकीलसाहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. बायकांची दुपार असूनही ते आत आले आणि सगळ्या बायका एका बाजूला झाल्या. त्यांनी हरभरे पाहिले, कुंकू पाहिलं, आणि त्यांचा आवाज चढला. हे देऊळ नाही, हे आपण बघायला ठेवलेलं आहे, एवढी मेहनत करून एकेक रेघ मोकळी केली आणि अर्ध्या घटकेत सगळं होतं तसं करून टाकलंत. माझ्या तेव्हाच्या मनाला ते राक्षस वाटले. आता वाटतं, त्या माणसानं ती मूर्ती खरंच बघितली होती. त्या सगळ्या गर्दीत मायच्या खालोखाल त्यांनीच. त्यांच्या हाताला दगडाचे बारीक ओरखडे होते. कामटी धरून ते स्वतःच बसत असणार.

वकिलीणबाई त्यांच्याशी हळू बोलल्या. मग ते ओट्यावर जाऊन बसले आणि त्यांनी मळ्यावर माणूस धाडला. बाबा आले ते गाडी जुंपूनच. निरोप काय गेला होता कुणास ठाऊक. गाडीत त्यांनी कडब्याच्या पेंढ्या पसरल्या होत्या, मूर्तीला हिसका बसू नये म्हणून, आणि वर घरातली चांगली घोंगडी. मायकडे त्यांनी एकदाच पाहिलं. "बाहेर काढतो साहेब आमी तिले," ते म्हणाले. "चुकलं माह्यं. मालकिणीले इचारलं नोतं."

"घेऊन जा," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा राग ओसरून नुसता थकवा उरला होता. "तुमचीच आहे. माझी चूक झाली म्हणा."

दोन गडी आत जायला निघाले. मला आनंद झाला. उद्या सकाळी उंबराखाली पुन्हा सगळं होतं तसं होईल, माय बोलेल, बाबा गुणगुणतील. आत्या तर गड्यांना सूचना द्यायला लागली होती, कुठं धरायचं, कुठं धरायचं नाही. तेव्हा माय म्हणाली, "थांबा."

ती दारात उभी होती, हातात ती झाकलेली वाटी.

"नोका नेऊ," ती म्हणाली.

बाबांना ऐकू आलं नाही असं वाटलं. "काहून? तुयासाठीच त आनली गाडी."

"घरी नेली त मी शेंदूर लावीन." ती बाबांकडे बघून बोलत होती, सावकाश, प्रत्येक शब्द पुढं ठेवत. "माह्या हाताले दुसरं येत नाई काई. आज नाई लावला त उद्या लावीन. लेकरू पुन्हा झाकल्या जाईन." मग ती वकीलसाहेबांकडे वळली. त्यांच्यापुढं ती पूर्वी कधी बोललेली नव्हती. "साहेब, ठेवा तुमच्यापाशी. हळद-कुंकू पुसून घ्या. पर तिले कोनाले शेंदूर लावू देऊ नोका. मी आली तरी मलेबी नाई."

वकीलसाहेब ओट्यावरून उठून उभे राहिले. त्यांनी होकारार्थी मान हलवली. आत्या डोळे पुसत होती आणि कुणी पाहिलं तर धूळ गेली म्हणून सांगायच्या बेतात होती. बाबांनी गाडीची मागची फळी उतरवली, मायला हात दिला, आणि ती कडब्यावर घोंगडीत बसली. जिथं मूर्ती ठेवायची होती तिथं. मी आणि आत्या मागून चालत निघालो. पळसाला फुलं आली होती, ऊन उतरलं होतं, आणि बैल घराकडच्या वाटेला लागल्यामुळं आपसूक चालत होते. पहिल्या वळणाआधीच माय कलंडली आणि झोपली. कितीतरी दिवसांची झोप होती ती. चाकं खड्ड्यात गेली, आत्या मोठ्यानं बोलली, तरी ती हलली नाही.

मळ्यात पोचल्यावर बाबांनी बैल सोडले नाहीत. जू खाली टेकलं असतं तर गाडी पुढं कलली असती आणि ती जागी झाली असती. दिवेलागण झाली, आत्यानं दोनदा हाक मारली, बैल पाय आपटायला लागले. बाबा त्यांच्या तोंडाशी उभे राहिले, दोघांच्या गळ्यांवर हात ठेवून, माय आपणहून उठेपर्यंत.